गोड वाइन म्हणजे साखर घातलेली वाइन नव्हे: फ्रान्सची बान्युल्स, म्युस्का, रिव्हसाल्त आणि त्यांच्यासोबत काय खायचं

वाइन गोड लागली की आपल्याकडे पहिला संशय हाच येतो की यात साखर घातलीय. गोव्याहून कोणी पोर्टची बाटली आणली की घरात ती सगळ्यांना आवडते, ज्यांना एरवी वाइन आंबट-तुरट म्हणून घशाखाली उतरत नाही त्यांनाही, आणि तरी कोणीतरी म्हणतंच की ही काय खरी वाइन नाही, सरबत आहे. माझ्याही डोक्यात हेच होतं. मग कामानिमित्त दोन वर्षं पर्पिन्यांला राहिले, म्हणजे फ्रान्सच्या अगदी खालच्या टोकाला, जिथून गाडीने अर्ध्या-पाऊण तासात स्पेनची हद्द लागते, आणि तिथे कोणाच्याही घरी गेलं की छोट्या ग्लासात थोडीशी गोड वाइन पुढे यायची, कधी जेवणाआधी, कधी चीजबरोबर, कधी शेवटी चॉकलेटबरोबर, आणि दर वेळी ती वेगळीच असायची. एकदा संत्र्याच्या फुलांसारखी, एकदा जांभळासारखी, एकदा चक्क अक्रोड आणि खारकेसारखी. तेव्हापासून मी या वाइनच्या प्रेमात आहे आणि हे नीट समजावून सांगायचं खूप दिवस मनात होतं.

सगळ्यात आधी ही गोडी येते कुठून ते बघू, कारण एकदा ते कळलं की सोबत काय खायचं हे निम्मं आपोआप कळतं.

द्राक्षाच्या रसात साखर असते. यीस्ट ती साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. नेहमीच्या वाइनमध्ये यीस्टला जवळपास सगळी साखर खाऊ देतात, म्हणून ती वाइन गोड नसते. आता या प्रोसेसच्या मध्येच, यीस्ट अजून जोरात काम करत असताना आणि निम्मी साखर शिल्लक असताना, जर बाहेरून कडक अल्कोहोल ओतलं तर यीस्टला ते सोसत नाही, ते मरतं, आणि उरलेली साखर आहे तशी वाइनमध्ये राहते. बस, एवढंच. ती साखर द्राक्षाचीच असते, पोत्यातली नसते. या थांबवण्याला तिथे म्युताज म्हणतात, म्हणजे मुकं करणं, बुडबुडे येऊन सळसळणारा रस गप्प करायचा असा अर्थ.

आकड्यात बघितलं तर अजून स्पष्ट होईल. फ्रान्सच्या नियमाप्रमाणे या वाइनसाठी रसात दर लिटरला कमीत कमी २५२ ग्रॅम साखर लागते, म्हणजे द्राक्षं चांगलीच पिकलेली हवीत. साधारण १७ ग्रॅम साखर खाल्ली की १ टक्का अल्कोहोल बनतं. समजा १०० लिटर रस आहे आणि यीस्टने लिटरमागे १३६ ग्रॅम साखर खाल्ली, म्हणजे अल्कोहोल झालं ८ टक्के आणि साखर उरली ११६ ग्रॅम. आता यात १० लिटर, ९६ टक्क्यांचं शुद्ध अल्कोहोल ओतलं. एकूण झालं ११० लिटर, अल्कोहोल पोचलं १६ टक्क्यांवर आणि साखर उरली लिटरमागे १०५ ग्रॅमच्या आसपास. अशी ती वाइन. नियम सांगतो की रसाच्या ५ ते १० टक्के एवढंच अल्कोहोल घालायचं, आणि तेही बिनवासाचं, म्हणजे त्याची स्वतःची काही चव नाही. पोर्तुगालच्या खऱ्या पोर्टमध्ये हेच तंत्र आहे, पण तिथे ७७ टक्क्यांची द्राक्षाची स्पिरिट साधारण पाचव्या हिश्श्याएवढी घालतात, म्हणून पोर्ट १९-२० टक्क्यांच्या पुढे जाते आणि घशाला जास्त कडक लागते. फ्रेंचवाली १५ ते १८ टक्क्यांच्या मधे असते आणि त्यात फळाची चव जास्त पुढे येते. मला तरी हीच जेवणाबरोबर सोयीची वाटते.

हे तंत्र शोधून काढल्याचं श्रेय अर्नो द व्हिलनव्ह नावाच्या डॉक्टरला देतात, कातालान माणूस, माँपेलियेच्या विद्यापीठात शिकवायचा, आणि साल सांगतात १२८५. १२९९ मध्ये मायोर्काच्या राजाने त्याला या पद्धतीचा हक्कच लिहून दिला, त्या राजाची राजधानी तेव्हा पर्पिन्यांलाच होती. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहून झाली त्याच दशकातली ही गोष्ट. पुढे १६५९ च्या तहात हा सगळा रुसियों प्रांत फ्रान्सकडे आला, पण लोक अजून स्वतःला कातालान म्हणवतात आणि वाइनचे कितीतरी शब्द कातालानच आहेत.

नावाचा एक गोंधळ इथेच मिटवून टाकते. या वाइनला फ्रेंचमध्ये व्हँ दू नातुरेल म्हणतात, म्हणजे शब्दशः नैसर्गिक गोड वाइन, आणि लोक विचारतात की बाहेरून अल्कोहोल घालून परत नैसर्गिक कसं म्हणता. तर नैसर्गिक हा शब्द गोडीबद्दल आहे, साखर बाहेरून नाही म्हणून. १८७२ आणि मग १८९८ च्या कायद्यांनी या वाइनला वेगळा दर्जा दिला, त्यामागे कर हे मोठं कारण होतं, कडक दारूचा कर लागू नये आणि वाइनचाच लागावा म्हणून तिथल्या खासदारांनी जोर लावला होता. १९३६ मध्ये फ्रान्सने जेव्हा गावागावाच्या वाइनना अधिकृत नावं द्यायला सुरुवात केली तेव्हा अगदी पहिल्या काहींमध्ये बान्युल्स, मोरी, रिव्हसाल्त आणि फ्रोंतिन्यां ही नावं होती. म्हणजे ज्या वाइनला आपण सरबत म्हणून बाजूला करतो तिला त्या देशाने सगळ्यात आधी मान दिला होता.

आता गाव बघा म्हणजे चव कळेल. बान्युल्स ही वाइन चारच गावांत होते, कोलियूर, पोर-व्हाँद्र, बान्युल्स-स्युर-मेर आणि सर्बेर. पिरेनीज डोंगर जिथे समुद्रात उतरतो तिथे ही गावं आहेत. उतार इतका तीव्र की यंत्र बहुतेक ठिकाणी चालत नाही, काळ्या-तपकिरी पाटीच्या दगडाचे बांध घालून पायऱ्या केल्यात, आपल्या घाटातल्या खाचरांसारख्या पण कोरड्या. पाऊस आला की धो-धो येतो आणि माती वाहून नेतो म्हणून बांधांमध्ये दगडी पन्हळी काढलेल्या आहेत, वरून बघितलं तर कोंबड्याच्या पायासारखा आकार दिसतो आणि त्याला नावही तेच आहे, पेउ द गाल, कोंबड्याचा पाय. वरून त्रामोंतान नावाचा वारा वर्षातले कितीतरी दिवस असा वाहतो की छत्री उघडायची सोय नाही, पण त्याच वाऱ्याने द्राक्षं कोरडी राहतात, रोग कमी पडतो, आणि उन्हाने साखर भरते. द्राक्ष मुख्यतः ग्रनाश, काळं, करडं आणि पांढरं अशा तिन्ही रंगांचं. कोलियूरलाच १९०५ च्या उन्हाळ्यात मातिस आणि दरँ चित्रं काढायला येऊन राहिले होते आणि त्या चित्रांमधले भडक लाल-निळे रंग बघून आधी मला वाटायचं की वाढवून काढलेत, तिथे जाऊन आल्यावर नाही वाटत.

तर गोडी कशी राखली हे झालं. दुसरा प्रश्न, आणि खरं तर जेवणाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा, तो असा की पुढे ही वाइन हवेपासून लांब ठेवली की हवेत ठेवली. हे दोनच रस्ते आहेत आणि दुकानात बाटली उचलताना मी फक्त हेच बघते.

पहिला रस्ता, हवा लागू द्यायची नाही, लवकर बाटलीत भरायची. यात पांढऱ्यांमध्ये येतात सगळ्या म्युस्का. म्युस्का हे द्राक्षच असं आहे की त्याला द्राक्षाचा वास येतो, हे ऐकायला विचित्र वाटतं पण बाकी बहुतेक वाइनना द्राक्ष सोडून बाकी सगळ्याचे वास येतात. या वासामागे लिनालूल आणि जेरॅनिऑल अशी द्रव्यं आहेत, त्यातलं लिनालूल आपल्या धन्यांच्या वासात मुख्य असतं आणि जेरॅनिऑल गुलाबात, म्हणून म्युस्का हुंगली की आपल्या माणसाला लगेच ओळखीचं काहीतरी सापडतं, गुलकंद, लिची, संत्र्याची साल असं. रिव्हसाल्तची म्युस्का आहे, ऱ्होन नदीच्या बाजूला बोम-द-व्हनीझची आहे, समुद्राकाठी फ्रोंतिन्यांची, जी चाखायला अमेरिकेचा थॉमस जेफरसन १७८७ मध्ये स्वतः तिथे गेला होता, आणि कॉर्सिका बेटावरची काप कॉर्सची. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी त्या वर्षीची ताजी म्युस्का द नोएल, म्हणजे नाताळची म्युस्का, दुकानात येते, आणि ती ज्या उत्साहाने लोक घेतात तो बघण्यासारखा असतो.

लालमध्ये याच रस्त्याची वाइन म्हणजे बान्युल्सची रिमाज, आणि रिव्हसाल्त-मोरीकडे जिला ग्रना म्हणतात ती. यात अल्कोहोल ओततात ते रस गाळायच्या आधी, सालं-बियांसकट, आणि मग काही दिवस ते तसंच मुरू देतात, त्यामुळे सालातला रंग आणि तुरटपणा भरपूर उतरतो. चव जांभूळ, करवंद, काळी चेरी अशी.

दुसरा रस्ता हवेचा, आणि इथे माझं मन जास्त रमतं. लाकडी पिपांमध्ये वाइन वर्षानुवर्षं ठेवायची, पीप काठोकाठ भरायचं नाही, हवा लागू द्यायची. किंवा त्याहून धाडसी प्रकार, साठ-सत्तर लिटरच्या काचेच्या गोल बुधल्यांमध्ये भरून त्या उघड्यावर ऊन-पाऊस-थंडीत सोडून द्यायच्या. मोरी गावाबाहेर अशा शेकडो बुधल्या ओळीने उन्हात चमकताना मी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा मला आपल्या गच्चीवर उन्हात ठेवलेल्या साखरांब्याच्या बरण्याच आठवल्या, तत्त्व तेच, ऊन आणि वेळ. दिवसा तापतं, रात्री गार होतं, आणि जो बदल तळघरात दहा वर्षांत झाला असता तो लवकर होतो. लाल वाइन विटकरी होते, तिला तुइले म्हणतात, म्हणजे कौलाच्या रंगाची. पांढरी वाइन मधासारखी पिवळी-तपकिरी होते, ती आंब्रे. कमीत कमी पाच वर्षं मुरवलेली असेल तर ऑर दाज. आणि बान्युल्स ग्रां क्रू असेल तर कमीत कमी तीस महिने लाकडात आणि तीन चतुर्थांश तरी काळी ग्रनाश, असा नियम आहे.

खूप मुरली की त्या वाइनला जी चव येते तिला रान्सिओ म्हणतात. अक्रोड, खारीक, सुकं अंजीर, कॉफी, करपायच्या जरा आधीचा कॅरॅमल. आणि यात एक वास असा असतो जो फ्रेंच लोक मसालेदार वगैरे म्हणून सोडून देतात पण आपल्याला तो लगेच ओळखता येतो, तो म्हणजे मेथी दाण्याचा! हे मला उगाच वाटत नव्हतं. सोटोलॉन नावाचं एक द्रव्य आहे, मेथीच्या वासातलं ते मुख्य, आणि हेच द्रव्य वाइन हवेत मुरताना तयार होतं, जितकी जुनी तितकं जास्त. आजीकडे मेथीचे लाडू होत असताना घरभर जो वास पसरायचा तो मला परक्या देशात वाइनच्या ग्लासात सापडला आणि खरं सांगते, त्या दिवशी मी ग्लास हातात धरून बराच वेळ नुसती वास घेत बसले होते.

अजून एक वेगळी जात आहे ती पटकन सांगते. वर सांगितलेल्यांमध्ये रस थोडा तरी आंबवलेला असतो. पण काही ठिकाणी ताज्या रसातच, आंबवायच्या आधी, तिथली ब्रँडी घालतात. कोन्याकच्या भागात पिनो दे शारांत, तिची गोष्ट सांगतात की १५८९ मध्ये एकाने रिकामं समजून कोन्याक असलेल्या पिपात द्राक्षाचा रस ओतला आणि काही वर्षांनी बघतो तर हे अमृत. आर्मान्याकच्या भागात फ्लॉक द गास्कोन्य, दोन भाग रस आणि एक भाग आर्मान्याक. आणि ज्युरा डोंगरात माकव्हँ. यात ब्रँडीची चव स्पष्ट कळते, बाकी खाण्याचे नियम साधारण तेच.

आता खाणं.

पहिली गोष्ट. जिलेबी खाऊन लगेच चहा प्यायला तर तो बिनसाखरेचा लागतो, हे आपल्या सगळ्यांना माहितीय. वाइनचंही अगदी तसंच आहे. पदार्थ वाइनपेक्षा गोड असेल तर वाइन आंबट, पातळ, कडू लागायला लागते आणि बिचारीचा काही दोष नसतो. म्हणून डेझर्टबरोबर वाइन नेहमी डेझर्टएवढी किंवा त्याहून जास्त गोड हवी. गुलाबजाम, पाकातले चिरोटे, रसगुल्ला यांच्यापुढे ही वाइनही टिकणार नाही, तिथे प्रयत्नच करू नका, पाण्याचा ग्लास बरा.

आता चॉकलेट, कारण बान्युल्सचं नाव जगात झालंय ते चॉकलेटमुळे. आपल्याकडे हॉटेलांत आणि लग्नाच्या रिसेप्शनला डार्क चॉकलेट केक आणि त्याबरोबर नेहमीची कोरडी, म्हणजे गोड नसलेली, रेड वाइन देतात, रोमँटिक वाटतं म्हणून, आणि मला ते बघून दर वेळी वाईट वाटतं कारण दोन्ही चांगल्या गोष्टी एकमेकींना मारतात. कोकोमध्ये कडूपणा आणि तुरटपणा, रेड वाइनमध्येही तुरटपणा, सुपारी खाऊन वर कच्चं केळं खाल्ल्यासारखं तोंड होतं, त्यात केक गोड म्हणून वाइन अजून आंबट लागते. बान्युल्सकडे साखर आहे ती कडूपणाला सांभाळून घेते, तिचा तुरटपणा त्या साखरेत मऊ झालेला असतो, आणि जास्तीच्या अल्कोहोलमुळे जिभेवर चिकटलेला कोको-बटरचा थर सुटतो. इथे परत आपला तो हवेचा प्रश्न कामाला येतो. चॉकलेटबरोबर रासबेरी, चेरी, स्ट्रॉबेरी असं फळ असेल तर रिमाज किंवा मोरीची ग्रना घ्या. चॉकलेटबरोबर कॉफी, बदाम, हेझलनट, कॅरॅमल असेल तर मुरलेली, म्हणजे ग्रां क्रू किंवा तुइले. नुसतं ७० टक्क्यांचं चॉकलेट असेल तर दोन्ही चालतात, मी मुरलेली घेईन. दुधाच्या गोडमिट्ट चॉकलेटबरोबर मात्र मजा कमी येते, आणि पांढऱ्या चॉकलेटबरोबर लाल घेऊच नका, तिथे म्युस्का.

यापेक्षाही मला जास्त आवडणारी जोडी आहे ती खारट आणि गोड. पुरणपोळीचा घास आणि त्यावर कटाच्या आमटीचा भुरका, हे ज्याने खाल्लंय त्याला हे समजवायची गरजच नाही. फ्रान्समध्ये त्याच जागी येतं निळ्या बुरशीचं चीज, रॉकफोर. मेंढीच्या दुधाचं, खारट, तिखटसर, पहिल्यांदा खाणाऱ्याला त्याचा वासच सहन होत नाही. नुसतं खाल्लं तर मीठ अंगावर येतं, पण वर रिव्हसाल्त आंब्रेचा एक घोट घेतला की मीठ मागे सरकतं, लोण्यासारखा मऊपणा पुढे येतो, आणि वाइनची गोडी पण जड लागत नाही. सोबत दोन अक्रोड आणि एक सुकं अंजीर ठेवा. ज्यांना रॉकफोर फारच उग्र वाटतं त्यांनी फूर्म दांबेर नावाचं सौम्य निळं चीज घ्यावं. आणि चीज कडक, मुरलेलं असेल, कोंतेसारखं, तर त्याच्याबरोबर माकव्हँ, दोन्ही ज्युराचेच, एकाच मातीतले.

फ्वा ग्राचं नाव घेतल्याशिवाय फ्रेंच माणूस तुम्हाला सोडणार नाही, बदकाचं किंवा हंसाचं चरबीदार यकृत, त्याच्याबरोबर म्युस्का किंवा आंब्रे देतात, चरबी आणि गोडी ही जोडी जमते हे खरं, पण पक्ष्यांना जबरदस्तीने भरवून ते तयार करतात हे मला पटत नाही म्हणून मी खात नाही आणि त्याबद्दल जास्त लिहीतही नाही.

त्यापेक्षा खरबूज घ्या. उन्हाळ्यात कापल्यावर केशरी निघणारं, सुगंधी शारांते जातीचं खरबूज, अर्धं कापायचं, बिया काढायच्या आणि त्या खड्ड्यात गार बोम-द-व्हनीझ म्युस्का किंवा पिनो ओतायची आणि चमच्याने खायचं. त्यात काही कौशल्य नाही, काही मांडणी नाही, आणि जुलैच्या दुपारी याच्यापेक्षा चांगलं काही नसतं. जेवणाच्या सुरुवातीला खातात हे, शेवटी नाही.

गोड पदार्थांमध्ये म्युस्काला फळं आणि आंबटगोड चांगलं जमतं, सफरचंदाचा टार्ट, जर्दाळूचा टार्ट, लिंबाचा केक, संत्र्याचं काहीही, बदामाचा कोरडा केक. रुसियोंमध्ये रुस्किय नावाची पांढऱ्या आयसिंगची, हातातल्या कड्यासारखी गोल, मऊ बिस्किटं मिळतात, ती म्युस्कात बुडवून खाणाऱ्या आज्या मी बघितल्यात. आंब्रेला अंडं-दूध-जळकी साखर असलेलं सगळं आवडतं, तिथलं क्रेम कातालान, ज्यात वर साखर जाळून पापडी करतात आणि दालचिनी-लिंबाच्या सालीचा वास असतो, त्याच्याबरोबर तर ती एका ताटात वाढल्यासारखी वाटते.

जेवणातल्या मुख्य पदार्थाबरोबर गोड वाइन हे आपल्याला जरा कठीण वाटतं, पण बदकाचं मांस चेरी किंवा अंजिराच्या सॉसमध्ये असेल तर बान्युल्स सुंदर जाते, अट एवढीच की पदार्थात थोडी गोडी हवी. आणि कोलियूरची खारवलेली अँचोव्ही, ती बोटभर मासळी, तिच्याबरोबर स्थानिक लोक रान्सिओ सेक घेतात, जी मुरलेली असते पण गोड नसते, अक्रोडाची चव आणि मिठाची मासळी. पहिला घास विचित्र, दुसऱ्याला समजतं, तिसऱ्याला आपण ब्रेड मागतो. ज्यांना सुकट-बोंबील आवडतो त्यांना हे लगेच आवडेल असं माझं मत आहे.

आपल्या पदार्थांबद्दल लोक विचारतात. तर तिखटाबरोबर नको. गोडीने तिखट शांत होतं हे खरं असलं तरी इथे अल्कोहोल १६ टक्के आहे, आणि अल्कोहोल आणि मिरची हे दोघं तोंडात एकाच जागी जाऊन आग लावतात, त्यामुळे तांबडा रस्सा किंवा झणझणीत मिसळीबरोबर ही वाइन घेतली तर दोन्हीचा त्रास होईल. पण आईने पार्सलमधून पाठवलेले डिंकाचे लाडू मी तिथे एकदा पंधरा वर्षं मुरलेल्या आंब्रेबरोबर खाल्ले होते, खारीक, खोबरं, बदाम, गूळ, खसखस, आणि त्या वाइनमध्ये हीच सगळी नावं वासाच्या रूपात आधीच होती, शेजारच्या कातालान काकूंना एक लाडू दिला तर त्यांनी विचारलं की हे आमच्याच वाइनसाठी बनवता का. गोव्याचा बेबिंका पण याच वाटेने जाईल, नारळाचं दूध, अंडं, भाजलेल्या साखरेचे थर. गूळ-खोबरं-सुकामेवा दिसला की मुरलेली वाइन, फळ-फूल-वेलची दिसली की म्युस्का, मी असंच धरते, फक्त पाकातलं नको.

कशी द्यायची ते सांगते. म्युस्का चांगली गार, ८ ते १० अंश. लाल रिमाज १४ च्या आसपास. मुरलेली थोडी कमी गार, १४ ते १६, फार गार केली तर अक्रोडाचा वास येतच नाही आणि आपल्या खोलीच्या ३० अंशांत ठेवली तर अल्कोहोल नाकात जातं, म्हणून आपल्याकडे तीही थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावीच लागेल. ग्लास छोटा, ६० ते ७० मिली पुरे. हे मी मुद्दाम लिहितेय कारण गोड असल्याने ती सहज जाते आणि नेहमीच्या वाइनसारखे मोठे ग्लास भरले तर पटकन चढते, शिवाय लिटरला १०० ग्रॅम साखर म्हणजे एवढ्याशा ग्लासातही ७ ग्रॅम साखर आहेच, घरात कोणाला डायबेटिस असेल तर तेवढं लक्षात असू द्या.

बाटली उघडल्यावर काय? इथेही तोच हवेचा प्रश्न. जी हवेपासून जपलेली आहे, म्युस्का आणि रिमाज, ती फ्रिजमध्ये आठवडाभरात संपवावी, नाहीतर तिचा ताजेपणा जातो. जी मुळात हवेतच वाढलेली आहे तिला हवेची काय भीती, ती बूच लावून ठेवली तर कितीतरी आठवडे तशीच राहते. म्हणून एकट्या-दुकट्या माणसाने घ्यावी तर मुरलेली.

एक गोष्ट मनाला लागते ती अशी की या वाइन आता तिथेच कमी पिल्या जातात. एकेकाळी फ्रान्सभर जेवणाआधी हाच ग्लास असायचा, मग व्हिस्की आली, गोड नको असं म्हणणारी पिढी आली, आणि त्याच डोंगरांवरच्या त्याच ग्रनाशची आता बरेच शेतकरी कोरडी वाइन करतात, कोलियूर नावाने १९७१ पासून आणि मोरीची कोरडी २०११ पासून. त्या वाइनही चांगल्या आहेत, शेतकऱ्याने पोट भरावं हे बरोबरच आहे. पण त्यामुळे एक असं झालंय की जुनी रिव्हसाल्त, तीस-चाळीस वर्षं मुरलेली, तिच्या वयाच्या मानाने खूप स्वस्त मिळते, बोर्दोच्या तेवढ्या जुन्या बाटलीला आपण हात लावू शकणार नाही आणि ही साध्या पगारदार माणसाला घेता येते. तिथे लोक जन्मसालाची बाटली शोधून वाढदिवसाला भेट देतात. मी येताना बाबांच्या सालाची आणली, ती आता फ्रिजच्या दारात पाव शिल्लक आहे आणि दर रविवारी जेवणानंतर ते स्वतःच उठून दोन छोटे ग्लास आणि खारकेची बरणी घेऊन येतात.